बावीच्या पाण्यावरचा शॉवर

नांदगावच्या स्टेशनावर मी मुंबईच्या गाडीची वाट बघत उभी होते आणि बाबा अजून आले नव्हते. आई सारखी रस्त्याकडे बघत होती. गाडीची घोषणा झाली तेव्हा ते एका टेम्पोतून उतरले. केस ओले, कानामागे चिखल, पायात चपला नाहीत. जवळच्या गावात कुणाच्या तरी बावीत उतरले होते. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात, आणि बाव उपसणं हे बाबांचं काम होतं. मे महिन्यात पाणी तळाला गेलं की विजयदुर्गापासून पार फोंडाघाटापर्यंत लोक त्यांना बोलवायचे. ते दोर धरून खाली जायचे, गाळ भरून वर पाठवायचे, झरा मोकळा करायचे.

हात चिखलाचे म्हणून त्यांनी माझ्या बॅगेला हात लावला नाही. मला जवळही घेतलं नाही. गाडी थांबल्यावर म्हणाले, "बावीत उतारल्यार पयलां काय दिसणां नाय. तेवा हातपाय मारूचे नाय. गप उभ्या ऱ्हवचां. डोळे सरावतत. थंयसर पण तसांच कर."

आई रडत होती. मी खिडकीत बसले. नऊ वर्षं झाली त्याला.

मी नर्स आहे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका लहान गावात, वृद्धांच्या केअर होममध्ये काम करते. परदेशी गेलेल्या तुम्हा सगळ्यांना ठाऊक असेल, पहिल्या वर्षी माणूस घरी फोन करून मोठ्या गोष्टी सांगत नाही. त्या सांगण्यासारख्या नसतातच. मी सांगायचे ते भिंतीवरच्या पांढऱ्या डब्याबद्दल. आमच्या भाड्याच्या घरात न्हाणीघराच्या भिंतीवर इलेक्ट्रिक शॉवर होता. छतातून लोंबणारी दोरी ओढायची, बटण दाबायचं, की त्याच क्षणी कढत पाणी.

"चूल नको?" आईने विचारलं होतं.

"नको."

"धूर नाय? वायच थांबूक पण नको?"

"नाय गो आये."

 चाळीसेक वर्षं आई पहाटे उठून मागच्या दारी हंडा तापवत होती. आधी सासऱ्यांसाठी, मग बाबांसाठी, मग माझ्यासाठी. स्वतः सगळ्यांच्या नंतर, तळाला जे कोमट उरेल त्यात.

दोन वर्षांपूर्वी बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. मी आले, तीन आठवडे राहिले, त्यांना काठीवर चालतं केलं आणि परत गेले. त्यानंतर आमची भेट फोनच्या पडद्यावर. रोज संध्याकाळी आईचा चेहरा, मागे बाबांचा अर्धा खांदा. "बरां आसा सगळां," आई म्हणायची, आणि मी ते खरं मानायचे, कारण मला ते खरं असायला हवं होतं.

या मे महिन्यात मी अकरा दिवसांच्या रजेवर घरी गेले. आई अंगणातून पुढे आली ती लंगडत. डाव्या पायाची पाठ घोट्यापासून बोटांपर्यंत गुलाबी, ताणलेली, चकाकणारी. भाजल्याची जखम मी रोज बघते. ही दोन-अडीच महिन्यांपूर्वीची होती.

"आये, ह्यां काय?"

"काय नाय गो. हंडो घेवन जायत होतंय, पाणी हिंदकाळलां."

"माका सांगलंस कित्या नाय?"

"सांगान काय करतलंस? थंयसून फुंकर घालतलंस?"

ती हसत म्हणाली. तिला लागावं असं बोलायचं नव्हतं. पण ते लागलं. अडीच महिने तिने फोन फक्त चेहऱ्यापुरता धरला होता.

मग कळलं की त्या दिवसापासून बाबांनी अंघोळच सोडली होती. चार-पाच दिवसांतून एकदा ओल्या पंच्याने अंग पुसायचे आणि म्हणायचे, माका घाम येणा नाय. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "माझ्या पायाक बघून ते न्हावक तयार नायत. मी हंडो उचलूचो नाय म्हणान." पाण्यावर जन्म काढलेला माणूस पाण्याविना बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी बाह्या सरसावल्या. "बाबा, चला. मी न्हाणते तुम्हांला. माझं रोजचं काम आहे ते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. "थंय तू लोकांच्या बापाशींक न्हाणतंस, तां तुझां काम, बाय. हयसर तू माझां चेडू."

चेडू म्हणजे मुलगी, आणि मुलीकडून ते न्हाऊन घेणार नव्हते. तिकडे रोज सकाळी मी किती तरी म्हाताऱ्यांच्या पाठी चोळते. एकाच्या खांद्यावर बोटीचं गोंदण आहे, एक अंघोळ होईपर्यंत प्रार्थना म्हणतो. त्यांच्या मुली मला नाताळला कार्ड पाठवतात. आणि माझ्या बापाची पाठ मला बघायला मिळणार नव्हती.

म्हणून मी ठरवलं, आपल्याला हवाय तो शॉवर. तिकडच्यासारखा. बटण दाबलं की गरम पाणी, हंडा नको, कुणाचा हात नको. पडवीत बसून मी फोनवर शोध घेतला. लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचून काढले, तिकडच्या डब्यासारखाच दिसणारा एक पांढरा डबा निवडला. तीन दिवसांत तो नाक्यावरच्या दुकानात येऊन पडला.

आणखी एक गोष्ट मी मनाशी धरून आले होते आणि ती कुणाला सांगितली नव्हती. तिकडे आम्ही घर घेत होतो. माझ्या नवऱ्याने, नितीनने, आणि मी मिळून ते पसंत केलं होतं. गावाबाहेर, मागे गवताची टेकडी. कागद तयार होते, सही बाकी होती. भाड्याच्या घरात राहणारा माणूस परत येऊ शकतो. घर घेणारा येत नाही. हे आई-बाबांना सांगण्यासाठी मी रोज सकाळी शब्द जुळवायचे आणि रोज संध्याकाळी गिळायचे.

शॉवर जोडायला दिगंबर वायरमन आला. पन्नाशी ओलांडलेला, पंधरा-वीस वर्षं मस्कतला काढून परत आलेला माणूस. त्याने खोका उघडलाच नाही. आधी घरभर फिरला. मीटर बघितला. स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजच्या दाराला टेस्टर लावला. टेस्टरातला दिवा पेटला.

"काकी, फ्रिज चुणचुणता काय?"

"दोन वर्सां झाली," आई म्हणाली. "आमी चपला घालून उघडतांव."

दिगंबरने टेस्टर खिशात ठेवला. "घराक अर्थिंग नाय. आज मी जोडूचंय नाय."

माझ्याकडे सातच दिवस उरले होते. मी आपली ऑफिसातली मराठी काढली. "हे बघा, तुम्ही शॉवर जोडून द्या. अर्थिंगचं आपण नंतर बघू."

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. "बाय, नंतर बघू म्हणान तू इमानात बसतलंस. न्हाणीत उभो ऱ्हवतलो तो तुझो बापूस. आणि ह्यां खाडीकाठचां पाणी. खाऱ्या पाण्यात करंट कसो धावता म्हायत आसा?"

मी खोका कोपऱ्यात सरकवला. मी नर्स, सुरक्षिततेवर तिकडे मी नव्या मुलींना धडे देते.

दुसऱ्या दिवशी त्याने घराच्या मागे खोल खड्डा खणला, तांब्याची पट्टी पुरली, कोळसा आणि मीठ भरलं, तार घरात आणली आणि विजेची गळती झाली तर आपोआप पडणारं बटण बसवलं. फ्रिजची चुणचुण थांबली. आई तरीही दोन दिवस चपला घालूनच फ्रिज उघडत होती. मग शॉवर लागला. न्हाणीत प्लास्टिकचं स्टूल ठेवलं, भिंतीला धरायला दांडा बसवला. आईने कसंबसं बाबांना राजी केलं. ते आत गेले, दार लोटून घेतलं. मी बाहेर उभी.

थोडा वेळ पाण्याचा आवाज आला. मग डब्याचा टक्-टक् आवाज. मग बाबांची किंकाळी.

मी दार ढकलून आत गेले. शॉवरमधून पाण्याची बारीक धार येत होती, क्षणात वाफाळणारी, क्षणात गार. मी बटण बंद केलं. बाबा स्टुलावर आकसून बसले होते. चांगल्या हाताने त्यांनी पंचा ओढून घेतला आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

"भायर जा गो," ते म्हणाले. "भायर जा."

त्यांची पाठ मी तेव्हा पाहिली. दोराने काचलेल्या जुन्या खुणा, आणि खाली आलेले खांदे. मी बाहेर आले. दिवसभर बाबा माझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी आईला म्हणाले, "तां काढ थंयसून." भाजलं नव्हतं, देवाची कृपा. पण नर्स असलेल्या मुलीने निवडलेल्या वस्तूला ते घाबरले होते, आणि घाबरलेलं मी पाहिलं होतं. हे त्यांना भाजण्याहून जास्त झोंबलं असावं.

दिगंबर परत आला. शॉवरची जाळी काढून त्याने तळहातावर झटकली. दोन मिनिटांच्या पाण्यात एवढी लाल माती आणि रेती. "ह्यां यंत्र वायट नाय," तो म्हणाला. "पण ह्यां नळाच्या पाण्यावरचां. ह्येका पाण्याचो जोर लागता. तुमची टाकी न्हाणीच्या डोक्यार टेकलेली. जोर खंयसून येतलो?"

मग तो मला सोडून पडवीत गेला आणि बाबांच्या खुर्चीसमोर उकिडवा बसला.

"नाना, तुमच्या बावीचां पाणी कसां आसा?"

बाबा समोर माडांकडे बघत होते. 

"एक नाय," ते म्हणाले. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचे शब्द जरा सावकाश येतात. "दोन पाण्यां आसत तिच्यात. वयलां गोडां, तळचां खारां. मे म्हयन्यात खाडी खालसून चढता. गोडां हलक्यां, तां वर ऱ्हवता. पंपाची नळी तळाक सोडल्यानी ती कोणी? ती गाळ वडता, मीठ वडता."

"पंप बसवणाऱ्यान सोडल्यान ना. तुमी दवाखान्यात होतास तेवा," आई दारातून म्हणाली.

"माका कोण इचारूक नाय," बाबा म्हणाले.

कुणाला उद्देशून नाही. पण मी तिथेच उभी होते. अनोळखी माणसांचे अभिप्राय मी दुपारभर वाचले होते. ज्याने ती बाव दरवर्षी आत उतरून साफ केली, तो माणूस माझ्यापासून चार हातांवर बसला होता, आणि त्याला मी फक्त एवढंच विचारत होते: औषध घेतलं का, जेवलात का, दुखतं का.

मी खाली जमिनीवर बसले. "बाबा, माका सांगा. कसलो शॉवर घेवया?"

नऊ वर्षांनी बाबांशी बोलताना माझ्या तोंडून मालवणी निघाली. ती मोडकी होती, पण निघाली.

त्या दुपारी आम्ही तिघांनी मिळून निवड केली. दिगंबर सांगायचा, बाबा हो-नाही करायचे, मी फोनवर चित्रं दाखवायचे. पाणी जाता जाता तापवणारं यंत्र नको, ते जोरावर चालतं. टाकीचं घ्यायचं, आधी पाणी तापवून ठेवायचं, बटण बंद करायचं आणि मगच माणसाने आत जायचं. म्हणजे अंगावर पाणी पडताना विजेचा संबंधच नाही. आतून काचेचा लेप हवा, नाही तर मीठ पत्रा खाईल. त्यात एक कांडी असते, मीठ आधी तिला खातं आणि टाकी वाचते. ती वर्षाला बदलायची. हे बाबांना फार आवडलं. "म्हणजे मिठाक दाखवलेलो निवेद," ते म्हणाले, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना स्वतःच्याच बोलण्यावर हसताना पाहिलं. डोक्यावरचा मोठा शॉवर त्यांनी नाकारला. "मी काय झाड आसय, वरसून पाणी घालूक?" त्यांना हातात धरायचा हवा होता, डाव्या बाजूला, डाव्या हाताने फिरेल अशा एकाच दांडीचा. गाळणी गरम पाण्याच्या टाकीच्या आधी. आणि न्हाणीवरची टाकी उचलून चिऱ्यांच्या खांबांवर, एक पुरुष उंच.

दुसऱ्या दिवशी बाबांची खुर्ची बावीच्या काठाशी नेऊन ठेवली. दिगंबर पंपाची नळी ओढत होता आणि बाबा वाकून आत बघत होते.

"वर घी. अजून वर. अजून... हां. थांब. हयसर बांध."

"नाना, एवढ्या वरसून पाणी लवकर संपतलां."

"संपांदे. सकाळी वायच, सांजेक वायच. झऱ्याक दम खावक दी, तो परत भरता."

त्यांचा आवाज बावीत घुमत होता. आई मागच्या दारी पदर तोंडाला लावून उभी होती.

माझ्या जाण्याच्या आदल्या सकाळी सगळं तयार झालं. आईने बटण लावलं, दिवा विझेपर्यंत वाट पाहिली, बटण बंद केलं. हे सगळं तिने एकटीने, मला हात लावू न देता केलं. बाबा काठी टेकत आत गेले. आम्ही दोघी बाहेर.

पाणी सुरू झालं. सरळ, एकसारखं. 

"झालां?" आईने दहा मिनिटांनी विचारलं.

"नाय."

आणखी थोड्या वेळाने: "बरे आसास मां?"

"गप बस गो. न्हातंय."

त्यानंतर आतून साबणाच्या डबीचा आवाज, खाकरण्याचा आवाज, परत पाणी. आईने माझा हात धरला होता, तो मी सोडवून घेतला नाही. बाबा बाहेर आले तेव्हा केसांतून पाणी निथळत होतं, पंचा अर्धवट गुंडाळलेला, कानात साबण. ते माझ्याकडे न बघता आईला म्हणाले, "आता तू जा. गरम पाणी आसा अजून."

आई आत गेली. सगळ्यांच्या आधी तापवून सगळ्यांच्या मागून न्हाणारी माझी आई. ती इतका वेळ बाहेर आली नाही की शेवटी बाबांनीच दारावर काठी वाजवली.

घराचं मी त्या दिवशीही सांगितलं नाही. इतक्या चांगल्या सकाळी ते सांगायला मला जागा सापडली नाही. दुसऱ्या दिवशी बाबा फाटकापर्यंत चालत आले, आणि मी गेले.

जुलैत एके दिवशी बाबांचा फोन आला. बाबांचा स्वतःचा. आई फोंडाघाटला मावशीकडे गेली होती, चार दिवसांसाठी. झटका आल्यापासून ती एक रात्रही घर सोडून राहिली नव्हती. "शेजारची जेवण हाडून देता," ते म्हणाले. "न्हाणां माझां मी करतंय. तुझ्या आवशीक सांगलंय, आरामात ये." मागे कौलांवर पाऊस वाजत होता.

दुसऱ्या दिवशी सह्या होत्या. आणखी लपवलं असतं तर आईच्या पायासारखंच झालं असतं.

"बाबा, आमी हयसर घर घेतांव."

पाऊस ऐकू येत राहिला.

"घेतलास?"

"उद्या सही."

"म्हणजे आता परत येवचास नाय," ते म्हणाले. तो प्रश्न नव्हता.   मग घसा साफ करून त्यांनी विचारलं, "पाणी खंयचां? नळाचां काय बावीचां?"

"बावीचां. गावाच्या भायर आसा ना, नळ नाय. बोअर आसा."

"कसां आसा?"

"म्हायत नाय."

"म्हायत नाय?" त्यांचा आवाज चढला. "घर बघलास, खिडक्यो बघलास, नि पाणी चाखूक नाय? सही करूच्या आधी जा. चाख. आणि माका फोन लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या घरी गेले. मालकीणबाई म्हाताऱ्या, एकट्या, सामान बांधत होत्या. मी म्हटलं, माझ्या वडिलांना तुमचं पाणी बघायचं आहे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, काही न विचारता एका खोक्यातून ग्लास शोधून काढला, धुतला आणि नळाखाली भरून दिला. मी व्हिडिओ लावला. पडद्यावर बाबा, केस विंचरलेले.

"उजेडात धर."

मी ग्लास खिडकीशी धरला.

"हलव. आता थांब. खाली काय बसता?"

"काय नाय."

"चाख. गिळू नको, तोंडात धर."

मी तोंडात धरलं. "थंड आसा. गोड आसा. शेवटाक वायच लोखंडासारख्यां लागता."

बाबा विचार करत होते. "लोखंड आसा म्हणजे पाणी लाल डाग पाडतलां, यंत्रात गंज धरतलां. पयली गाळणी लाव. मगे शॉवर घी. टाकीचो घी, जोराचो नको." आणि मग, तितक्याच सहज: "पाणी बरां आसा. घी घर."

इतकी वर्षं मी धरून चालले होते की दुसरं घर घेतलं की पहिलं सुटतं, आणि त्या सुटण्याची परवानगी कुणाकडे मागायची ते मला कळत नव्हतं. जे मागे राहिले त्यांना काय वाटतं, ते आपण गेलेले लोक स्वतःच ठरवून टाकतो, आणि मग त्या ओझ्याने गप्प बसतो. बाबांना वाईट वाटलं होतं. ते मी पावसाच्या आवाजात ऐकलं होतं. तरी ते आता त्या परक्या स्वयंपाकघरात माझ्याबरोबर उभे होते, आणि त्या घराबद्दल पहिली खरी माहिती मला त्यांनीच दिली होती. घर म्हणजे माझ्यासाठी आता एवढंच उरलंय, आणि ते थोडं नाही.

मालकीणबाईंनी हळूच विचारलं, काय म्हणतात वडील? मी सांगितलं, पाणी चांगलं आहे म्हणतात. त्या मान हलवून म्हणाल्या, ते तर आहेच.

"उरलेलां पी," फोनमधून बाबा म्हणाले. "टाकू नको."

मी ग्लास रिकामा केला.